आंधळा धनदेव, डोळस दारिद्र्य

दुर्जनाघरी सुबत्ता आणि सज्जनाघरी चूल पेटण्याची भ्रांत, हे असे का? ग्रीक विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिस याने इसवी सनपूर्व ३८८मध्ये याचे सोपे उत्तर रंगमंचावर आणले : धनाचा देवच आंधळा आहे. 'प्लूटस' हे त्याच्या उपलब्ध ११ नाटकांपैकी अखेरचे. स्पार्टाकडून इसवी सनपूर्व ४०४मध्ये पराभूत झालेल्या अथेन्सचे वैभव तेव्हा ओसरले होते.

आयुष्यभर सचोटीने वागूनही गरीब राहिलेला वृद्ध शेतकरी क्रेमिलस डेल्फीला कौल लावतो. निदान मुलाला तरी लबाडी शिकवावी काय, हा त्याचा प्रश्न. बाहेर प्रथम जो भेटेल त्याला सोडू नकोस, असा कौल मिळतो. भेटतो तो फाटका, आंधळा म्हातारा. हाच धनदेव प्लूटस. तो केवळ सज्जनांकडेच जाऊ पाहत होता, म्हणून मानवाच्या हेव्यापोटी झ्यूसने त्याची दृष्टी हिरावलेली.

प्लूटसचा माणसांचा अनुभवही कडू आहे. कंजूष त्याला जमिनीत पुरतो, उधळ्या त्याला नागवून हाकलतो. क्रेमिलसही कबूल करतो, की भाकरीपासून मानमरातबापर्यंत सर्वांचा वीट येतो, धनाचा येत नाही. १३ टॅलंट मिळाले की १६ हवेत, मग ४०. (एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी.)

प्लूटसवर उपचार ठरताच दारिद्र्यदेवी पेनिया आडवी येते. नाटकाचा खरा कस येथे लागतो. भिकारी आणि गरीब यांत ती फरक करते : भिकाऱ्याजवळ काहीच नसते, गरीब कष्टाने, काटकसरीने जगतो, उरत नाही पण पुरते. सगळेच श्रीमंत झाले तर नांगर कोण धरील, जोडे कोण शिवील, असा तिचा सवाल. क्रेमिलसला यावर धड उत्तर सुचत नाही. तो तिला हुसकावून लावतो.

ॲस्क्लेपियसच्या मंदिरात प्लूटसला दृष्टी येते. सज्जन सुखावतात, चुगलखोराचा धंदा बुडतो. पण एका श्रीमंत वृद्धेचा तरुण प्रियकर पैसा हाती येताच तिला टाकतो. संपत्तीने माणूस सुधारतो, यावर नाटककाराचा फारसा विश्वास दिसत नाही. देवांनाही आता कोणी नैवेद्य दाखवीत नाही. उपाशी हर्मीस क्रेमिलसच्या घरी नोकरी मागतो, झ्यूसचा पुजारीही तेथेच आश्रय घेतो आणि अथीनाच्या मंदिरातील खजिन्यात प्लूटसच्या स्थापनेसाठी मिरवणूक निघते.