पाठवला होता, पण पोहोचला नाही

मागच्या खेपेला घरी अकोटला होतो, तेव्हा संध्याकाळी गल्लीतली एक मुलगी तिच्या बाबांसोबत आली. एम.एस्सी. झालेली, बाहेरगावच्या एका संस्थेत प्रोजेक्ट फेलो म्हणून अर्ज केलेला. बरेच दिवस काही कळेना म्हणून तिनं फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं: मुलाखत झाली, तुम्हाला मेल पाठवला होता, तुम्हीच पाहिला नाही.

"मी सगळं पायलं दादा, स्पॅम बी पायलं. आलाच नाई," ती म्हणाली. बाबा शांतपणे म्हणाले, "पोस्टात रजिस्ट्री केली तर पावती तरी भेटते. ह्याची पावती कोणाजवळ असन मंग?"

मी भौतिकशास्त्र सोडून संगणकजाळ्यांच्या इतिहासाकडे वळलो, त्याला आता चार वर्षं झाली. पण माझ्या विषयातला सगळ्यात नेमका प्रश्न मला त्या दिवशी काकांनी विचारला. मेलची पावती असते. ती कोणाजवळ असते आणि कशी मागायची, हे समजायला चाळीसेक वर्षं मागं जावं लागतं.

वाट पाठवणाऱ्यानं सांगायची

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये माइक लेस्कनं यूयूसीपी नावाची सोय तयार केली. एक युनिक्स मशीन मोडेमनं दुसऱ्या मशीनला साधा फोन लावायचं, साठलेल्या फायली द्यायचं, तिकडच्या घ्यायचं आणि फोन ठेवायचं. रात्री कॉल स्वस्त, म्हणून हे बहुतेक रात्री चालायचं. मेल ही त्यातलीच एक फाइल.

आता ज्या मशीनशी तुमचा थेट फोन नाही तिथं मेल कसा जाणार? मधल्या मशीननं घेऊन पुढं द्यायचा. पण कुठल्या मधल्या? ते पाठवणाऱ्यानं पत्त्यातच लिहायचं, प्रत्येक टप्प्यानंतर उद्गारचिन्ह टाकून. आपल्याकडचं काल्पनिक उदाहरण घ्या. अकोटहून मुंबईच्या सुनंदाला मेल धाडायचा, तर पत्ता असा झाला असता:

अकोला!भुसावळ!कल्याण!मुंबई!सुनंदा

म्हणजे पत्ता नव्हेच, हा तर प्रवासाचा बेत. अकोला मशीन स्वतःचं नाव खोडून उरलेलं भुसावळला देणार, भुसावळ कल्याणला, असं पुढं. मध्ये भुसावळचं मशीन बंद पडलं, तर मेल अकोल्यात पडून. तुम्हाला त्याचा पत्ताही नाही.

यातली खोट अकोटकरांना वेगळी सांगायला नको. २०१७ मध्ये आपली मीटरगेज बंद झाली आणि २०२२ मध्ये अकोल्यापर्यंत ब्रॉडगेजची गाडी धावली. मधली वर्षं अकोला गाठायचं तर रस्त्यानंच. ही गोष्ट अकोटच्या लहान पोरालाही माहीत. मुंबईत बसून "अकोल्याहून गाडीनं अकोट" असं लिहिणाऱ्याला ती कशी कळावी? वाटेची खबर वाटेवरच्या लोकांना असते. उद्गारचिन्हांच्या पत्त्यात मात्र ती सगळ्यात लांबच्या माणसाला ठेवावी लागे.

लोकांनी यावर तोडगे काढले. कोणतं मशीन कोणाला फोन लावतं याचे नकाशे जमवले गेले. पीटर हनीमन आणि स्टीव्हन बेलोव्हिन यांच्या 'पाथएलियस' या प्रोग्रॅमनं त्या नकाशांवरून स्वस्तातली वाट काढून देण्याचं काम केलं. पण तोवर @ वाले पत्तेही आले होते आणि दोन्हींची खिचडी झाली. 'अकोला!सुनंदा@मुंबई' हा पत्ता घ्या. यूयूसीपीवाल्या मशीननं तो आधी अकोल्याला दिला असता, इंटरनेटवाल्यानं आधी मुंबईला. दोघंही आपापल्या नियमानं बरोबर, आणि मेल मात्र भलतीकडं. बर्कलीतल्या एरिक ऑलमनचं 'सेंडमेल' अशा खिचडी पत्त्यांची फोड करायला घडवलं गेलं. त्याची नियमांची फाइल इतकी किचकट होती, की जुने सिस्टिमवाले आजही तिचं नाव काढलं की हसतात.

जुहूचा दरवाजा

भारत या गोष्टीत नेमका याच काळात शिरला. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या (यूएनडीपी) मदतीनं 'अर्नेट' प्रकल्प सुरू केला. सहभागी आठ: तेव्हाच्या पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचा खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूला असलेलं एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. टीआयएफआरच्या संगणक विभागातून वाढलेल्या या केंद्राचे संचालक होते श्रीनिवासन रमाणी.

अर्नेटवर पहिली सेवा सुरू झाली ती मेलची, तीही डायल-अपवर, यूयूसीपीनं. दिल्ली-मुंबई पहिली लीज लाइन जानेवारी १९९१ मध्ये आली, वेग ९.६ किलोबिट प्रति सेकंद. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्या लाइनवरून धाडायला पाऊण तास सहज गेला असता. १९९२ मध्ये एनसीएसटीहून अमेरिकेत व्हर्जिनियातल्या यूयूनेटपर्यंत ६४ किलोबिटची जोडणी झाली. सामान्य माणसाला विदेश संचार निगमचं इंटरनेट मिळालं ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ ला.

म्हणजे काही वर्षं आपल्या विद्यापीठीय जगाचा परदेशी मेल बहुतांशी मुंबईतल्या एका दरवाज्यातून जात-येत होता. अशा दरवाज्यावर मेल अडकला, तर तो कोणाजवळ अडकला हे शोधणं सोपं असतं. दरवाजाच एक, विचारायचं कोणाला हे ठरलेलं. पण जाळं वाढलं की ही सोय संपते.

वाट घेणाऱ्यानं सांगायची

जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी ९७४ हा दस्तऐवज लिहिला. कल्पना साधी होती. डीएनएस म्हणजे इंटरनेटची नावांची वही. तिच्यात प्रत्येक डोमेननं स्वतःच लिहून ठेवायचं, की माझा मेल अमुक सर्व्हरला द्या, तो बंद असेल तर तमुकला. या नोंदीला एमएक्स म्हणतात. सोबत एक अंक असतो, लहान अंकवाल्याकडे आधी जायचं. पाठवणाऱ्यानं फक्त मुक्काम लिहायचा.

आपल्या पोस्टानं हे वळण आधीच घेतलं होतं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्या कोकणातले, संस्कृतचे कवीही. त्याआधी 'बोरगाव' एवढं लिहून चालेना, कारण बोरगावं ढीगभर, शिवाय पत्ता कुठल्या लिपीत असेल याचा नेम नाही. आता ४४४१०१ लिहिलं की पत्र अकोटला येतं. पत्र लिहिणाऱ्यानं ते कुठल्या गाडीनं न्यायचं हे सांगायचं नाही. ते पोस्टानं बघायचं.

१९८९ मध्ये भारताचं '.इन' हे डोमेन नोंदलं गेलं आणि त्याची वही पुढं बरीच वर्षं एनसीएसटीकडेच राहिली. म्हणजे आधी जे केंद्र स्वतः मेल पुढं ढकलत होतं, तेच आता 'कोणाचा मेल कुठं द्यायचा' हे विचारण्याचं ठिकाणही झालं. वाटेचं ज्ञान पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्याकडं सरकलं, ते असं.

आता पावती

आता काकांचा प्रश्न. दोन मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती भाषा एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिलेली. हा संवाद चक्क वाचता येतो. एक म्हणतो, मी अमुक. हा मेल तमुककडून. याला द्यायचा. हा घ्या मजकूर. दुसरा प्रत्येक वाक्याला तीन अंकी उत्तर देतो. ४ नं सुरू झालं तर 'आत्ता नाही, नंतर या'. मग पाठवणारा थोड्या थोड्या वेळानं, चार-पाच दिवसांपर्यंत फेऱ्या मारतो. ५ नं सुरू झालं तर 'घेणार नाही, पुन्हा येऊ नका'. आणि मजकूर दिल्यानंतर २५० आलं, तर?

तर ती पावती. २५० चा अर्थ 'मिळालं' एवढाच नाही. त्या क्षणी जबाबदारी हस्तांतरित होते. ज्यानं २५० म्हटलं, त्यानं मेल पुढं पोहोचवायचा, नाहीतर पोहोचला नाही असं मूळ पाठवणाऱ्याला परत कळवायचं. मधल्या मध्ये गप्प बसायची मुभा नाही. वाट ठरवण्याच्या पद्धती बदलल्या, हा नियम आजही उभा आहे. म्हणून न आलेल्या मेलचा शोध घेताना "कुठं गेला?" असं विचारू नका. "शेवटचं २५० कोण म्हणालं?" असं विचारा.

आलेल्या मेलवर ही साखळी तुम्हाला स्वतःला दिसते. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडा. 'रिसीव्ह्ड' अशा ओळी दिसतील. प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का सगळ्यात वर मारतो, म्हणून त्या खालून वर वाचायच्या. वेळेपुढं +०५३० असेल तर ती भारतीय वेळ, +०००० असेल तर साडेपाच तास मिळवा. नाहीतर मेल पोहोचून मग निघाला असं वाटेल! दोन शिक्क्यांमध्ये तीन तासांचं अंतर असेल, तर मेल तिथं थांबला होता.

पण न आलेल्या मेलला हेडरच नसतं. त्याची नोंद फक्त पाठवणाऱ्याच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये. म्हणून आम्ही त्या संस्थेला भांडणाचा मेल लिहिला नाही. तीनच गोष्टी विचारल्या: मेल कोणत्या तारखेला किती वाजता निघाला, नेमक्या कोणत्या पत्त्यावर, आणि समोरच्या सर्व्हरनं काय उत्तर दिलं, अंकासकट.

चौथ्या दिवशी तिथल्या एका भल्या माणसानं लॉगची ओळ पाठवली. उत्तर होतं ५५०. पत्ता बरोबर, तारीख बरोबर, पण जीमेलनं मेल दारातूनच परत लावला होता. कारण एसपीएफ. सुरुवातीच्या काळात कोणताही सर्व्हर कोणाचाही मेल घेई आणि पुढं देई. स्पॅमनं तो भोळेपणा संपवला. आता डोमेनला डीएनएसच्या वहीत हेही लिहावं लागतं, की माझ्या नावानं बोलायचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत आणखी कडक झालं. त्या संस्थेनं एक नवा सर्व्हर जोडला होता, पण त्याचं नाव यादीत घालायचं राहून गेलं. जुन्या सर्व्हरमधून निघालेले मेल पोहोचले, नव्यातून निघालेले परत आले. म्हणूनच काही उमेदवारांना मुलाखतीचं कळलं आणि काहींना नाही.

मग परत आल्याची सूचना? तीही नियमाप्रमाणं आली होती. ज्या 'नो-रिप्लाय' खात्यावरून मेल निघाला, त्याच खात्यात. ते खातं कोणी उघडतच नव्हतं. त्या भल्या माणसानं उघडलं, तर तिच्यासारख्या आणखी काही जणांचे मेल तिथं पडलेले.

मशीननं आपलं काम चोख केलं होतं. पावती होती, परतीचं पत्रही होतं. वाचणारं माणूस नव्हतं. मेलच्या नियमांत एक जुनी अट आहे: मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेनवर 'पोस्टमास्टर' नावाचा पत्ता चालू असलाच पाहिजे, आणि त्यामागं माणूस असावा हा तिचा हेतू. १९८२ पासून ही अट आहे. इतकी यंत्रं बदलली, तो शब्द मात्र पोस्टातलाच राहिला.

संस्थेनं राहिलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलावलं. तिची मुलाखत झाली, निकाल यायचा आहे. तोवर तुम्हाला कोणी "पाठवला होता" असं सांगून गप्प करू लागलं, तर घाबरू नका, ओशाळू नका. नम्रपणे विचारा: समोरच्या सर्व्हरनं कोणता अंक दिला?