वैद्यकीय अध्यापक आणि त्यांचे संशोधन : इंदूर, पणजी, मुंबई

वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर एकाच वेळी तीन कामे करीत असतो. सकाळी बाह्यरुग्ण विभाग आणि वॉर्डातील फेरी, त्यानंतर विद्यार्थ्यांचे अध्यापन, आणि यांतून वेळ उरलाच तर संशोधन. वेतन त्याला अध्यापक म्हणून मिळते. रुग्ण त्याला केवळ ‘मोठे डॉक्टर’ म्हणून ओळखतो. संशोधक म्हणून त्याची जी ओळख असते ती बहुधा एखाद्या नियतकालिकाच्या पानांत राहते आणि त्याच्या गावालाही तिचा पत्ता नसतो. अशा काही अध्यापकांचे कार्य आणि त्यांच्या संशोधनाचे विषय कोठून आले, याची माहिती या लेखात घेतली आहे. प्रारंभ इंदूरपासून करणे सोयीचे आहे, कारण मध्य भारतातील वैद्यकीय शिक्षणाचा एक जुना प्रवाह तेथे उगम पावला.

इंदूर हे होळकरांचे नगर. राजवाड्याच्या पश्चिमेस असलेली मल्हारगंज ही जुनी वस्ती मल्हारराव होळकरांचे नाव आजही सांभाळून आहे. तेथील ‘लाल अस्पताल’ या नावाने ओळखला जाणारा सरकारी दवाखाना आसपासच्या रहिवाशांच्या परिचयाचा आहे. मात्र वैद्यकशिक्षणाचे केंद्र संस्थानी हद्दीत नव्हते. ते नदीपलीकडे, ब्रिटिश रेसिडेन्सीच्या परिसरात होते. १८७८ साली तेथे इंदूर मेडिकल स्कूल सुरू झाले. पुढे त्याला किंग एडवर्डचे नाव मिळाले. या शाळेतून पदवीधर बाहेर पडत नसत. दवाखान्यांत काम करू शकतील असे पदविकाधारक तयार करणे हा तिचा मर्यादित हेतू होता. संशोधनाची अपेक्षा या संस्थेकडून कोणीही केलेली नव्हती, आणि म्हणूनच पुढील हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

डेनिस फ्रान्सिस कीगन हा इंदूरचा रेसिडेन्सी सर्जन होता. रेसिडेन्सीतील धर्मादाय रुग्णालय त्याच्याकडे होते आणि शाळेचे विद्यार्थी शिकत ते याच रुग्णालयातील रुग्णांवर. त्या काळी माळव्यातच नव्हे तर उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र लहान मुलांच्या मूत्राशयात खडे होण्याचे प्रमाण मोठे होते. केवळ धान्यावर पोसलेल्या, दूध व प्राणिज प्रथिने फारशी न मिळणाऱ्या मुलांत हा विकार आढळतो, हे आता मान्य झाले आहे. आहार सुधारला तसा तो मागे पडत गेला. परंतु त्या वेळी उपाय एकच होता. वृषणाच्या मागील भागात छेद देऊन खडा बाहेर काढायचा. रक्तस्राव, जखम चिघळणे, दीर्घकाळ रुग्णालयात पडून राहणे आणि जननसंस्थेला इजा होण्याचा धोका, हे सारे त्या मुलाच्या वाट्याला येई.

१८७८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यचिकित्सक हेन्री बिगेलो याने छेद न देता मूत्रमार्गातून उपकरण आत नेऊन खडा फोडण्याची आणि त्याचा चुरा एकाच बैठकीत बाहेर काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ही पद्धत प्रौढांसाठी होती. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, म्हणून त्यांच्यावर ती वापरता येणार नाही, असा समज रूढ होता. कीगनने १८८०च्या दशकाच्या आरंभी इंदूर येथे बारीक उपकरणे वापरून ती मुलांवर करून पाहिली, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली आणि त्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध केल्या. युरोपातील शल्यचिकित्सकांना मुलांच्या खड्याविषयीचा आपला समज तपासावा लागला तो अशा नोंदींमुळे. उपकरणे त्याच्याजवळ होती तशी लंडनमध्येही होती. इंदूरला मात्र एका वर्षात जितकी मुले खडा घेऊन येत तितकी तेथील सर्जनला क्वचितच पाहायला मिळत.

त्याचा दुसरा विषय नाकाचा. सूड म्हणून किंवा व्यभिचाराच्या संशयावरून नाक कापण्याचा अघोरी प्रकार त्या काळी मध्य भारतात अस्तित्वात होता, आणि त्याला बळी पडणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असत. नाक नसलेल्या स्त्रीला घरात आणि गावात उभे राहता येत नसे. शल्यचिकित्सेने तिला परत मिळे तो केवळ अवयव नव्हता. कपाळावरील कातडीचा पट्टा खाली वळवून नवे नाक घडवण्याची भारतीय पद्धत त्याआधीपासून प्रसिद्ध होती. तिची पाश्चात्त्य जगाला ओळख झाली ती पुण्यामुळे. टिपूच्या सैन्याने नाक व हात तोडलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्याजवळ अशी शस्त्रक्रिया झाली आणि तिचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापला गेला. त्या आधारे जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. शस्त्रक्रिया करणारा पुण्याचा माणूस विटा घडवणाऱ्या जातीचा होता, एवढेच वृत्तांत सांगतो. त्याचे नाव कोणी टिपले नाही. कौशल्य त्याचे, ग्रंथ कार्प्यूचा. शिकवण्याची आणि लिहून ठेवण्याची व्यवस्था नसली की ज्ञान असूनही ज्ञानी निनावी राहतो, याचे इतके बोलके उदाहरण आपल्या वैद्यकेतिहासात दुसरे आढळणार नाही.

या जुन्या पद्धतीत एक उणीव होती. कपाळावरून आणलेल्या कातडीची आतली बाजू उघडी राही. ती भरून येताना आक्रसे आणि नाकपुड्या हळूहळू बंद होत. कीगनने कापल्या गेलेल्या नाकाच्या उरलेल्या दांड्यावरील कातडी खाली उलटवून तिचे अस्तर केले व त्यावर कपाळाचा पट्टा बसवला. १९०० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात या सुधारणेचे वर्णन आहे. अर्थात, रेसिडेन्सी सर्जन हा राज्यकर्त्यांचा अधिकारी होता आणि त्याचे रुग्ण हे संमती विचारण्याची प्रथा नसलेल्या काळातील गरीब लोक होते, हेही सांगितले पाहिजे. पदविकेसाठी शिकणारे त्याचे हिंदी साहाय्यक या ग्रंथांत सावलीसारखे वावरतात.

गोमंतकीय वाचकाला याच्याशी जुळणारे उदाहरण आपल्याच घरी सापडेल. पणजीतील ‘एस्कोला मेदिको’ १८४२ साली स्थापन झाली. १९६३ पासून तिची परंपरा गोवा वैद्यकीय महाविद्यालय चालवीत आहे. बाणावलीचे डॉ. फ्रॉयलानो द मेलो (१८८७–१९५५) हे या संस्थेतील प्राध्यापक व पुढे संचालक. त्यांचा विषय सूक्ष्म परजीवींचा. या विषयावर त्यांनी विपुल लेखन केले. अनेक एकपेशीय जीवांची वर्णने त्यांच्या नावावर आहेत. सूक्ष्मदर्शकापुरते ते थांबले नाहीत. हिवतापाविरुद्धची मोहीम, माकाझन येथील कुष्ठरुग्णालय आणि पणजीचे नगराध्यक्षपद, एवढा त्यांच्या कामाचा पसारा होता. हिवतापाचा अभ्यासक जेव्हा नगराध्यक्ष होतो तेव्हा विहिरी व गटारे हाही संशोधनाचाच पुढचा भाग ठरतो.

मुंबईतील उदाहरण अधिक अलीकडचे असून त्याचा संबंध आजच्या प्रत्येक रक्तपेढीशी आहे. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. यशवंत भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही रक्तनमुने नेहमीच्या कोणत्याही गटात बसेनात. तांबड्या पेशी पाहिल्या तर गट ‘ओ’ वाटे. पण त्या व्यक्तींचा रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या पेशींचेही गठ्ठे करी. परस्परांशी नाते नसलेल्या अशा तीन व्यक्तींचा अभ्यास करून भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी इंग्लंडमधील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. ‘ए’ आणि ‘बी’ या घटकांचा पाया असलेला ‘एच’ नावाचा घटकच या रक्तात नव्हता. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून जग ज्याला ओळखते तो हा गट. भारतात त्याचे प्रमाण ढोबळमानाने दहा हजारांत एक मानले जाते. युरोपात ते याहून कितीतरी विरळ आहे.

ही केवळ कुतूहलाची बाब नाही. अशा व्यक्तीस ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर शरीर ते नष्ट करू लागते आणि प्राणावर बेतते. म्हणून रक्तपेढीत पेशींबरोबर रक्तद्रवाचीही तपासणी करावी लागते. केवळ पेशी तपासल्या तर हा गट ‘ओ’ समजून निसटतो. दुर्मीळ रक्तदात्यांच्या याद्या ठेवण्याची गरजही यातूनच अधोरेखित झाली. सहलेखक डॉ. एच. एम. भाटिया यांनी पुढे मुंबईतील रक्तगट संदर्भ केंद्राचे काम वाढवले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रतिरक्षा-रक्तशास्त्राची राष्ट्रीय संस्था याच केंद्रातून उभी राहिली.

मूळच्या गोमंतकीय मराठा समाजातील डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचा मार्ग थोडा वेगळा. क्वेट्टा येथे जन्म, लंडनमध्ये विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याच विषयाचे अध्यापन, आणि १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात प्रयोगशाळांचे प्रमुखपद. कर्करोग कोणाला कोठे होतो याचा शोध त्यांनी लोकांच्या चालीरीतींत घेतला. तंबाखू चघळणे, पेटलेले टोक तोंडात धरून चुट्टा ओढणे, अशा सवयी आणि तोंडाच्या कर्करोगाचे ठिकाण यांचा मेळ त्यांनी घातला. कुष्ठरोग हा त्यांचा दुसरा आवडता विषय. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

आजच्या अध्यापकाची वाटचाल यापेक्षा बरीच आखीव आहे. पदव्युत्तर पदवी, वरिष्ठ निवासी डॉक्टर म्हणून अनुभव, मग सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक अशा पायऱ्या असतात; त्या चढण्यासाठी सेवेच्या वर्षांबरोबर प्रसिद्ध झालेले शोधनिबंधही मोजले जातात. या मोजणीचा दुष्परिणाम सर्वपरिचित आहे. पदोन्नतीपुरते निबंध लिहिले जातात, पैसे घेऊन छापणारी नियतकालिके त्यांना जागा देतात, आणि वॉर्डात रोज समोर येणारा प्रश्न बाजूलाच राहतो. नियम नसता तर अधिक संशोधन झाले असते असेही नाही. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीच इतकी असते की नोंदवही नीट भरणे हाच एक पराक्रम ठरतो. म्हणून एखाद्या अध्यापकाचे परिचयपत्र वाचताना निबंधांची संख्या पाहण्यापेक्षा तो एकाच प्रश्नाकडे किती वर्षे वळत राहिला आहे, हे पाहावे.

इंदूरच्या जुन्या शाळेचा वारसा १९४८ साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाकडे आला आणि तेथे पदवीचे शिक्षण सुरू झाले. महाराजा यशवंतराव रुग्णालय हे त्याचे संलग्न रुग्णालय. येथून एम.बी.बी.एस. झालेल्या पहिल्या महिला डॉ. भक्ती यादव (१९२६–२०१७) या माळव्यातील मराठी कुटुंबातील. त्यांनी मोठ्या सरकारी रुग्णालयातील नोकरीऐवजी गिरणी कामगारांच्या स्त्रियांसाठी चालणाऱ्या नंदलाल भंडारी प्रसूतिगृहाची निवड केली आणि नंतर परदेशीपुऱ्यातील राहत्या घरी अनेक दशके प्रसूती केल्या. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अध्यापकांच्या यादीत त्यांचे नाव नाही. तरीही महाविद्यालयाचा परिचय देताना ते अग्रक्रमाने घेतले जाते.

या महाविद्यालयाच्या वॉर्डांत इंदूरच्या रहिवाशांबरोबर धार, झाबुआ व अलिराजपूर या आदिवासीबहुल जिल्ह्यांतील रुग्णही असतात. त्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदनांचे झटके येतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. २०४७ हे त्याचे उद्दिष्टवर्ष आहे. तपासणी झालेल्यांना पत्रिका देणे, विवाहापूर्वी समुपदेशन करणे आणि लहान वयातच उपचार सुरू करणे, ही कामे त्यात येतात. वेदनांचा झटका आलेले मूल दर वेळी रुग्णालयात कोणत्या अवस्थेत पोहोचते, मधल्या काळात औषध का सुटते, गावाच्या आरोग्य केंद्रात त्याला काय मिळाले, या नोंदी मात्र वॉर्डातील डॉक्टरलाच ठेवाव्या लागतात.