हापशाची कुळकथा

सोलापूरहून निघून तुळजापूर व धाराशिव मागे टाकले, की बीडच्या वाटेवर बालाघाटच्या डोंगररांगेत येरमाळा हे गाव लागते. बार्शीहून कळंबकडे जाणारा रस्ता या हमरस्त्याला येथेच मिळतो. कळंब तालुक्यातील हे गाव येडेश्वरी देवीच्या यात्रेमुळे सर्वत्र परिचित आहे. ही यात्रा चैत्र पौर्णिमेस भरते. म्हणजे नेमकी अशा दिवसांत, की जेव्हा मराठवाड्यातील विहिरींचे तळ दिसू लागलेले असतात. आपल्या वाचकांस हा जिल्हा आठवतो तो आणखी एका कारणाने. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिव शहरात, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते आणि त्याचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले होते.

बालाघाटच्या एका अंगाचे पाणी मांजरा व तेरणा या नद्यांतून गोदावरीस मिळते, तर दुसऱ्या अंगाचे सीना व भीमा यांच्या वाटेने कृष्णेस. अशा माथ्यावरील गावांच्या वाट्याला वाहते पाणी थोडेच येते. मुरते ते काळ्या पाषाणाच्या भेगांत, आणि तेथून ते वर काढणे हेच पिढ्यानपिढ्यांचे कष्ट होऊन बसले. वसईच्या बावखलांकाठी वाढलेल्या माणसास या कष्टांची कल्पना येणे कठीण आहे. म्हणूनच मराठवाड्यातील गावोगावी उभ्या असलेल्या हापशाची कुळकथा सांगावी, असे आम्हांस वाटते. लोक त्यास ‘सरकारी हापसा’ म्हणतात. परंतु त्याच्या घडणीत परदेशी मिशनरी, देशी कारागीर, जागतिक संस्था आणि पाणी भरणाऱ्या खेड्यातील स्त्रिया, अशा सर्वांचा वाटा आहे. आणि त्यातील दोन महत्त्वाचे टप्पे याच मुलखात, सोलापूर व जालना येथे, घडले आहेत.

पूर्वी गावाचे पाणी आडाचे, विहिरीचे किंवा बारवेचे असे. पायऱ्यांनी उतरून घागर बुडवावी, ही बारवेची रीत. याच पायऱ्यांनी नारूचा रोग गावात शिरत असे. नारू झालेल्या माणसाने पाण्यात पाय ठेवला, की त्याच्या फोडातून जंतूची सूक्ष्म पिल्ले पाण्यात सुटत. पाण्यातील बारीक जलपिसू ती गिळीत, आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या शरीरात साधारण वर्षभराने हातभर वा त्याहून लांब नारू तयार होई. तो पायातून बाहेर पडू लागला, की ऐन पेरणीच्या वा सुगीच्या दिवसांत कर्ता माणूस अंथरुणास खिळे. पाणी दिसावयास निर्मळ असले म्हणजे ते पिण्यास निर्धोक असतेच असे नाही, हा धडा नारूने शिकविला.

यावर उपाय म्हणजे बंद तोंडाची विंधनविहीर. परंतु आमच्या दख्खनी पाषाणात भोक पाडणे हे जुन्या यंत्रांचे आठवडोन्‌आठवड्यांचे काम होते. हवेच्या दाबावर चालणारी, आत घण घालीत जाणारी यंत्रे परदेशांतून आली, तेव्हा तेच काम एक-दोन दिवसांवर आले. १९६६-६७ साली बिहार व उत्तर प्रदेशात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या युनिसेफने अशी यंत्रे भारतात आणविली. महाराष्ट्रात मिशनरी संस्थांनी याच काळात हे काम अंगावर घेतले. जालन्यास स्कॉटिश मिशनची परंपरा जुनी होती. नारायण शेषाद्री यांनी १९ व्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. त्याच जालन्यातील मिशनच्या कार्यकर्त्यांनी विंधनविहिरी खोदण्याचे काम हाती घेतले. तो काळ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा होता. १९६६ मध्ये कॅथलिक व प्रोटेस्टंट मदतसंस्थांनी एकत्र येऊन ‘अफप्रो’ ही संस्था स्थापन केली आणि पुढे पाण्याच्या कामी तिने पुष्कळ तांत्रिक साहाय्य केले. ज्यांची उपासना वेगळी होती त्यांस तहानेने एकत्र आणले.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्या वेळी लातूरही उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. खडी फोडणारे हात, सुकडीचे वाटप, मिलोची तांबडी भाकरी या आठवणी जुन्या माणसांच्या मनातून अद्याप गेलेल्या नाहीत. शासनाने विंधनविहिरींचा सपाटा लावला. परंतु लवकरच एक विचित्र गोष्ट ध्यानी आली. भोक होते, भोकात पाणी होते, आणि तरीही घागर रिकामी होती. कारण वर बसविलेला पंप मोडलेला असे. हे पंप बिडाचे होते. युरोप-अमेरिकेतील एखाद्या कुटुंबाने दिवसातून काही वेळा वापरावेत, अशा घरगुती पंपांच्या त्या नकला होत्या. आमच्या खेड्यात एका पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत दोनअडीचशे माणसांचे पाणी भरले जाई. दांड्याची खीळ झिजे, बीड तडके आणि पंप मुका होई. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा देशातील चारपैकी तीन हातपंप बंद असल्याचे आढळले. लक्षावधी रुपयांची विज्ञानाची देणगी एका खिळीपाशी अडली होती.

जालन्याच्या मिशनरींना हे आधीच उमगले होते. त्यांनी बीड टाकून पोलादाचा पंप तयार केला व तो ‘जालना पंप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. सोलापूर येथील ‘सोलापूर वेल सर्व्हिस’ने याच विचाराचा पुढचा पंप घडविला. त्याची रचना भक्कम होती आणि तो खेड्यातील अहोरात्र वापरास टिकत होता. तेव्हा नवे काही परदेशातून मागविण्याऐवजी या सोलापुरी पंपाचाच पाया घ्यावा, असे ठरले. भारत सरकार, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, मद्रास येथील यांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही भायखळ्यात जन्मलेली व तोवर सरकारी झालेली कंपनी, असे सर्वजण या कामी एकत्र आले. कोइंबतूरच्या खेड्यांत, जेथे पाणी खोल व वापर अतोनात होता, तेथे नमुन्यांची परीक्षा झाली. १९७७ च्या सुमारास उत्पादनास प्रारंभ झाला आणि १९७९ मध्ये त्यास भारतीय मानक लाभले. हाच ‘इंडिया मार्क टू’ हातपंप.

त्याची रचना समजण्यास अवघड नाही. दांड्याच्या टोकाशी वर्तुळाच्या तुकड्यासारखा भाग असतो व त्यावरून साखळी जाते. त्यामुळे आतील सळई तिरपी न होता सरळ वर ओढली जाते. दांडा बेअरिंगवर फिरतो. खालचा खांब काँक्रीटच्या ओट्यात पक्का रोवलेला असतो, म्हणून सांडलेले घाण पाणी पुन्हा आत उतरत नाही. सुमारे ५० मीटर खोलीवरून पाणी आणणारा हा पंप दहाबारा वर्षांची मुलगीही हापसू शकते. या रचनेवर कोणाची मक्तेदारी ठेवली गेली नाही. कोणत्याही कारखान्याने मानकाबरहुकूम तो करावा. मात्र त्यात कसर राहू नये म्हणून तपासणी कडक ठेवली गेली.

१९८१ ते १९९० हे संयुक्त राष्ट्रांनी पेयजल व स्वच्छतेचे दशक म्हणून पाळले. त्या काळात हा पंप सुदान, युगांडा, माली, घाना आदी आफ्रिकी देशांत पोहोचला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे ५० लाख पंप तयार झाले होते. मात्र आतील वायसर बदलण्यासाठी सारे पाइप वर काढावे लागत. त्यासाठी तिकाटणे, गाडी व चारपाच माणसे लागत. म्हणून जागतिक बँक व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने कोइंबतूर येथेच ‘मार्क थ्री’ची परीक्षा झाली. त्यात पाइप न काढता दट्ट्या वर ओढून घेता येतो. दुरुस्ती गावातच व्हावी, हा त्यामागील हेतू होता.

या साऱ्याचे एक फळ निर्विवाद आहे. १९८० च्या दशकात देशातील सात राज्यांत नारूचे ठाण होते व त्यांत महाराष्ट्रही होता. बारवांऐवजी हातपंप, पाणी गाळण्याचे फडके, पाण्यातील औषध आणि घरोघरची पाहणी यांनी त्यास हटविले. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. ज्या रोगाविरुद्ध लस नाही, असा हा रोग केवळ पाणी सांभाळल्याने देशातून गेला.

परंतु इतिहास येथेच थांबला असे म्हणता येणार नाही. हापसा माणसाच्या दंडाच्या बळावर पाणी काढतो, त्यामुळे त्याची तहान मर्यादित असते. विजेच्या पंपास अशी मर्यादा नाही. ज्या यंत्रांनी पिण्याच्या पाण्याची भोके पाडली, तीच यंत्रे पुढे शेतासाठी, विशेषतः उसासाठी, खोल खोल जाऊ लागली. शेजारच्या शेतातील बोअर दोनशे मीटरवर गेली, की पन्नास मीटरचा हापसा कोरडा पडतो. त्यात त्याचा काही दोष नसतो. सार्वजनिक पेयजलाच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विहीर घेऊ नये, असा कायदा महाराष्ट्राने १९९३ मध्येच केला. तरीही एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. २०१९ मध्ये जलजीवन मिशन घोषित झाले व घरोघरी नळ देण्याचा संकल्प झाला. तो स्वागतार्हच आहे. परंतु नळ कितीही आले तरी त्यांच्या मुळाशी उद्भव टिकावा लागतो.

हापशाच्या कुळकथेतून आम्हांस जे दिसते ते इतकेच. जगाचे विज्ञान गावापर्यंत आले, आणि गावच्या अनुभवाने ते दुरुस्त केल्यावरच ते टिकले. खिळीचा प्रश्न जालना, सोलापूर, मद्रास व जिनिव्हा येथील माणसांनी मिळून सोडविला. खडकातील पाण्याच्या वाटणीचा प्रश्न मात्र कोणत्याही परदेशी संस्थेस सोडविता येणार नाही. तो गावकऱ्यांनी ग्रामसभेत एकमेकांसमोर बसूनच सोडवावयाचा आहे. आणि दर चैत्रात पाण्याची पातळी खाली जात असताना त्यास फार विलंब लावणे परवडणारे नाही.