बालसुधारगृहातून निघालेला सूर

रॅप गाऊन नावारूपास आलेल्या एखाद्या तरुणाची हकीकत हल्ली वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळते. बापाचे छत्र नाही, गल्लीतली वाईट संगत, पोलिसांचा ससेमिरा, आणि अखेर गाण्याने झालेला उद्धार. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या इतिहासात ही कथा नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी लुई आर्मस्ट्राँग याच वाटेने गेला. बिघडलेल्या मुलाचे काय करावे, हा प्रश्न आपल्याही समाजापुढे असल्यामुळे त्याच्या बालपणाची पाने आमच्या वाचकांपुढे ठेवावीत असे आम्हांस वाटते.

लुईचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ रोजी न्यू ऑर्लिन्स शहरी झाला. गुलामगिरी कायद्याने संपून छत्तीस वर्षे लोटली होती. परंतु शाळा, गाडी, पाणवठा, सर्वत्र वर्णभेद कायम होता. पिता घर सोडून गेला. पहिली काही वर्षे आजीने सांभाळ केला. पुढे तो आईजवळ राहिला. त्यांच्या वस्तीला मारामाऱ्यांमुळे लोक ‘रणांगण’ म्हणत. अकराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. कार्नोफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाच्या गाडीवर तो चिंध्या व कोळसा गोळा करण्याचे आणि विकण्याचे काम करी. त्या कुटुंबाने आपल्याला पोटभर जेवू घातले आणि पहिले वाद्य घेण्यास पैसे उसने दिले, ही आठवण त्याने जन्मभर कृतज्ञतेने जपली.

३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री, नववर्षाच्या जल्लोषात, त्याने घरातून आणलेल्या पिस्तुलाचे बार भर रस्त्यात हवेत काढले. तत्काळ अटक झाली व न्यायालयाने त्यास कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात धाडले. तेथे कवायत होती, शिस्त होती, आणि सुदैवाने एक वाद्यवृंदही होता. त्या वृंदाचे शिक्षक पीटर डेव्हिस प्रारंभी या मुलाकडे संशयाने पाहत. त्या वस्तीतले पोर सुधारेल कसे, अशी त्यांची समजूत होती, असे आर्मस्ट्राँगने आत्मचरित्रात लिहिले आहे. परंतु पुढे त्यांनी त्याच्या हाती खंजिरी दिली, मग ढोल, मग बिगुल आणि शेवटी कॉर्नेट हे तुतारीच्या कुळातले पितळी वाद्य. होता होता तो वृंदाचा नायक झाला. मिरवणूक त्याच्या जुन्या वस्तीतून गेली तेव्हा त्याच लोकांनी कौतुकाने नाण्यांची खैरात केली.

१९१४ साली सुटका झाल्यावर तो दिवसा कोळशाच्या गाड्या हाकी व रात्री वाजवी. जो ऑलिव्हर या ज्येष्ठ वादकाने त्यास शिष्य मानले. मिसिसिपी नदीवरील आगबोटींच्या वृंदात स्वरलिपी वाचण्याची तयारी झाली. १९२२ साली ऑलिव्हरने त्यास शिकागोस बोलाविले. १९२५ पासून स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. समूहवादनातून एकट्या वादकाचा स्वैर विस्तार पुढे आणणे, ही जॅझ संगीताला त्याची मोठी देणगी होय. १९२६ च्या एका ध्वनिमुद्रिकेत तर त्याने शब्द सोडून केवळ निरर्थक अक्षरांवर गायन केले. आमच्या रसिकांस तेथे तराण्याची आठवण व्हावी.

कीर्तीने अपमान संपले नाहीत. १९३१ साली तो जन्मगावी परतला तेव्हा आकाशवाणीवरील गोऱ्या निवेदकाने त्याचे नाव उच्चारण्यास नकार दिला. मग त्याने आपली ओळख आपणच करून दिली. त्याच भेटीत तो जुन्या सुधारगृहातही जाऊन आला. १९५७ साली लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाऊ दिले जाईना, तेव्हा सरकारतर्फे ठरत असलेला रशियाचा दौरा त्याने झुगारून दिला. ६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.

या सुराचे पडसाद आपल्या किनाऱ्यावरही उमटले. बार्देशातील हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, मुंबईत ट्रम्पेट वाजवीत आणि त्यांना हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात त्यांचा हात होता. आज ज्या चालींवर आपली पोरे ठेका धरतात, त्यांत न्यू ऑर्लिन्सचा अंश असा मिसळलेला आहे.

अठरा महिने मुलास कोंडून ठेवणे हा न्याय होता, असे आम्ही म्हणणार नाही. त्या भिंतींआड वाद्य नसते तर कदाचित एक गुन्हेगारच बाहेर पडला असता. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, देवळाच्या सभामंडपात भजन चालले असता दाराशी एखादे उनाड पोर घुटमळताना दिसले, तर त्याच्या घराण्याची चौकशी करण्याआधी त्याच्या हाती झांज द्यावी. डेव्हिस मास्तरांनीही आधी संशय घेतला होता. पण तो संशय त्यांनी सोडला, म्हणून पुढचे सारे घडले.