कर्ण आणि आपण सगळे वकील

जूनच्या पहिल्या आठवड्यात महाबळेश्वरला जाण्याचा शहाणपणा केला. एकाही पॉइंटवरून धुक्याशिवाय काही दिसलं नाही. रस्त्याकडेला एका आजींकडून द्रोणभर जांभळं घेतली, जीभ निळी करून घेतली आणि गाडी भिलारला वळवली. भिलार म्हणजे 'पुस्तकांचं गाव'. वेल्समधल्या हे-ऑन-वायच्या धर्तीवर 4 मे 2017 रोजी हे सुरू झालं. गावकऱ्यांच्या घरात जाऊन बसायचं, हवं ते पुस्तक काढून फुकट वाचायचं. बाहेर पाऊस, आत मराठी पुस्तकं. अजून काय पाहिजे?

कपाटात 'मृत्युंजय' दिसलं. कॉलेजात असताना दोनदा वाचलेलं. पण ही प्रत हातात घेतली तर द्यूतसभेच्या पानाशी कुणीतरी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, "का रे असं केलंस?" प्रश्न थेट कर्णाला! जणू काही तो शेजारच्या खोलीत बसलाय आणि जरा वेळाने उत्तर देईल.

त्या चार शब्दांनी माझा उरलेला वीकएंड खाल्ला.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967 ची. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचं हौशी मासिक काढलं. आज ज्याला आपण फॅन फिक्शन म्हणतो त्याच्या इतिहासात या अंकाचं नाव हमखास येतं. आता गंमत बघा. मालिकेचा नायक कॅप्टन कर्क, पण मासिकाला नाव मिळालं स्पॉकचं. स्पॉक अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन, दोन्हीकडे उपरा. आणि आपल्याकडे नायक अर्जुन, पण घराघरात जाऊन बसला तो जन्माने क्षत्रिय, वाढला सूताघरी, दोन्हीकडे उपरा असा कर्ण. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण चाहत्यांची नजर मात्र नेमकी तिथेच गेली.

नजर जाते ती मोकळ्या जागांवर. व्यासांनी कर्णाला बोलायला भरपूर दिलंय, पण घर मात्र दिलेलं नाही. अधिरथाने आपली लग्नं लावून दिली असं तो उद्योगपर्वात कृष्णाला सांगतो, तेवढंच. युद्धानंतर स्त्रीपर्वात त्याची बायको रणांगणावर आक्रोश करताना गांधारीला दिसते. तिची ओळख काय, तर वृषसेनाची आई. नाव नाही! सावंतांनी तिला वृषाली हे नाव दिलं आणि कादंबरीचा एक अख्खा भाग तिच्या तोंडी घातला. भाऊ शोण, कुंती, दुर्योधन, शेवटी कृष्ण, सगळे आपापल्या परीने कर्णाबद्दल बोलतात. लेखकाला पात्र आवडलं की तो त्याला आधी माणसं देतो, एकटं पडू देत नाही.

पण ही खोड 1967 ची नाही, फार जुनी आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 एवढा काळ खर्चून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. ठिकठिकाणच्या पोथ्या जमवायच्या, पाठ ताडून बघायचे आणि जुन्यात जुना पाठ शोधायचा. (आमच्या धंद्यातला मर्ज कॉन्फ्लिक्ट. फक्त इथे ब्रँच शेकड्याने, आणि कमिट करणारे सगळे वारलेले.) आदिपर्वाचं संपादन वि. स. सुखठणकरांनी केलं. त्यात द्रौपदी स्वयंवरातलं ते प्रसिद्ध वाक्य, 'मी सूताला वरणार नाही', मुख्य पाठातून निघून तळटीपेत गेलं. मूळ पाठात काय उरलं? कर्ण-शल्यासारख्यांनाही जे धनुष्य वाकवता आलं नाही ते हा ब्राह्मण काय वाकवणार, अशी जमलेल्या ब्राह्मणांची कुजबुज. म्हणजे कर्णाला जमलं नाही. बस!

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चक्क राग आला होता. संपादकांचा!

नंतर डोकं थंड झाल्यावर वाटलं, की कुण्या एका नकलाकाराला, दिवा लावून पोथी उतरवत बसलेला असताना, कर्णाला 'जमलं नाही' हे सहन झालं नसणार. त्याला जमलं असतं हो, पण त्याला करूच दिलं नाही! असं म्हटलं की हिशेब जुळतो. हरलेल्या माणसाचा अपमानित माणूस होतो. हरलेल्यावर कोण कादंबरी लिहील? अपमानितावर आपण पिढ्यानपिढ्या लिहितोय.

मग आमचं जांभूळ. लोककलेतलं 'जांभूळ आख्यान' शाहीर विठ्ठल उमपांनी रंगमंचावर गाजवलं. कथेची तऱ्हा साधारण अशी. रानात तोडलेलं जांभूळ परत देठाला लागायचं तर प्रत्येकाने मनातलं खरं बोलायचं. आणि पाच नवऱ्यांसमोर द्रौपदीला कबूल करावं लागतं की मनात सहावा आहे, कर्ण. व्यासांच्या महाभारतात याचा मागमूस नाही. फॅन फिक्शनवाले दोन पात्रांची परस्पर जोडी लावून देतात, त्याला आज इंग्रजीत वेगळं नाव आहे. आपल्या गोंधळ्यांना, शाहिरांना ते नावाशिवायच येत होतं.

इथे थोडं विषयांतर करतो. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा पुढे सांगलीला जाते, आणि त्या सांगलीत जन्मलेल्या दोघांनी कच हे एकच पात्र उचललं. कृ. प्र. खाडिलकरांचं 'विद्याहरण' 1913 चं, वि. स. खांडेकरांची 'ययाति' 1959 ची. व्यासांचा कच संजीवनी शिकून, शाप घेऊन-देऊन निघून जातो. खांडेकर त्याला परत बोलावतात, कारण भोगात बुडालेल्या ययातीसमोर उभा करायला त्यांना संयमी माणूस हवा होता. ही वेगळ्या जातीची ओढ आहे. कच आदर्श म्हणून आवडतो. ठीक आहे. पण कचाला समासात "का रे?" असं कोणी विचारणार नाही. असो.

परत पेन्सिलीकडे येतो. द्यूतसभेत कर्ण द्रौपदीला वेश्या म्हणतो आणि तिची वस्त्रं उतरवायला दुःशासनाला सांगतो. हे प्रक्षिप्त नाही, तळटीपेत जात नाही. घोषयात्रेत गंधर्वांकडून मार खाऊन रणातून निघून जातो तेही तिथेच आहे. दाजी पणशीकरांनी 'कर्ण खरा कोण होता?' हे पुस्तक लिहून कादंबऱ्यांतल्या कर्णाची मूळ ग्रंथाशी गाठ घालून दिली. माझ्या ओळखीच्या कर्णभक्तांपैकी कोणीही ते पूर्ण वाचलेलं नाही. मीही बरीच वर्षं टाळलं होतं.

आम्ही वकील मग काय म्हणतो? त्याला नंतर पश्चात्ताप झाला. बरोबर, झाला. उद्योगपर्वात तो कृष्णाला सांगतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना जे कडू बोललो त्याचं आता वाईट वाटतं. मी त्या रात्री हॉटेलवर हा श्लोक काढून पुन्हा वाचला. शब्द 'पांडवांना' असा आहे. त्या श्लोकात द्रौपदी नाही.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग? तुला आत्ता कळलं? आम्हाला शाळेतच कळलं होतं." तिला 'मृत्युंजय' कधीच आवडली नव्हती. मी आजवर समजत होतो की तिला जाड पुस्तकांचा कंटाळा आहे.

आता माझ्यापुरतं बोलतो. विशीत मला कर्ण का आवडला? लायकी असून डावललं गेल्याची भावना त्या वयात फुकट मिळते. मार्कं, इंटरव्ह्यू, अप्रेझल, कुठेही चिकटते. ज्यांना खरोखर जातीवरून हिणवलं गेलं त्यांना कर्ण जवळचा वाटतो, आणि ज्यांना कधीच हिणवलं गेलं नाही असे माझ्यासारखेही त्याच रांगेत उभे राहून रडून घेतात. शिवाय सोय अशी की शेवटी तो राजपुत्रच निघतो. एकलव्य शेवटपर्यंत निषादच राहतो, अंगठा देतो आणि गोष्टीतून जातो. त्याच्यावर मी कॉलेजात एकही कविता केली नाही. कर्णावर तीन केल्या होत्या.

निघायच्या दिवशी पुन्हा भिलारला थांबलो. ती प्रत जागेवर होती. समासातल्या प्रश्नाखाली काहीतरी लिहावं म्हणून खिशातून पेन काढलंही होतं. सार्वजनिक पुस्तक आहे, लिहू नये, असं कारण स्वतःला देऊन परत ठेवलं. खरं म्हणजे उत्तरच नव्हतं.