निंबोळी अर्काचा इतिहास : अळी लगेच का मरत नाही



तुरीवर निंबोळी अर्क मारला की दुसऱ्या दिवशी फोन येतोच, "अळी तर जिवंत हाय, मग उपयोग काय?" याचं उत्तर सत्तर वर्षांच्या इतिहासात आहे. आज तोच लिहितो.

1954 साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी कोषातले रेशीमकिडे घेतले, सुमारे 500 किलो. त्यातून पदार्थ निघाला फक्त 25 मिलिग्रॅम. त्याचं नाव एकडायसोन. अळीला कात टाकायला लावणारं हे हार्मोन. 1960 ला क्लेव्हर आणि कार्लसन यांनी ते एका डासासारख्या माशीच्या अळीला टोचलं, तर तिच्या गुणसूत्रांवर ठराविक जागी फुगवटे आले. हार्मोन आलं की तिथली जनुकं जागी होतात, हे तेव्हा डोळ्याला दिसलं.

दुसरं हार्मोन ज्युव्हेनाईल, म्हणजे बालपण टिकवणारं. 1965 च्या सुमारास स्लामा हा शास्त्रज्ञ प्रागहून ढेकण्या घेऊन अमेरिकेत हार्वर्डला गेला. तिथं त्या मोठ्याच होईनात. पिल्लंच राहायच्या आणि मरायच्या. शोधाशोध केल्यावर कारण सापडलं ते डब्यातल्या कागदात. कागद ज्या फर झाडाचा होता, त्यातच या हार्मोनसारखा पदार्थ होता. आपल्या कपाशीवरचा लाल ढेकण्या त्याच कुळातला.

आता आपला कडुलिंब. 1959 ला सुदानमध्ये टोळधाड आली. जर्मन शास्त्रज्ञ श्मुटरर यांनी पाहिलं, सगळं हिरवं फस्त, लिंब मात्र उभा. 1962 ला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं फक्त 0.1 टक्के पाणी पिकावर मारलं, टोळ ते पीक खाईना. 1968 ला इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी त्यातला मुख्य पदार्थ वेगळा केला, ॲझाडिरॅक्टिन.

याचं काम असं चालतं. कात टाकायचा हुकूम अळीच्या मेंदूतून सुटतो. ॲझाडिरॅक्टिन तो हुकूम अडवतं. मग एकडायसोन वेळेवर आणि पुरेसं तयार होत नाही, आणि त्याच्यावर चालणारी जनुकंही वेळेवर चालू होत नाहीत. कात अर्धवट निघते, कोष वाकडातिकडा होतो, पतंग झालाच तर अंडी कमी घालतो. म्हणून अळी आज जिवंत दिसते. ती मरते पुढच्या कातीला, आणि तोवर खाणंही कमी करते.

यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना 1994 ला युरोपात निंबोळी तेलाने बुरशी आवरायचं पेटंट मिळालं. वंदना शिवा आणि इतरांनी हरकत घेतली. पुण्याचे अभय फडके यांनी साक्ष दिली, की 1985 आणि 86 ला पुणे-सांगली भागात शेतावर असे प्रयोग झालेले आहेत. 2000 ला पेटंट रद्द झालं, 2005 ला अपीलही फेटाळलं. घरोघरची माहिती कोर्टात टिकवायची तर तारीख आणि ठिकाण सांगणारा माणूस लागतो.

म्हणून कामाचं सांगतो :

• 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, गाळून एकूण 100 लिटर करा, थोडा साबणचुरा घाला.
• अंडी आणि बारीक अळी असतानाच मारा. शेंगेत शिरलेल्या मोठ्या घाटेअळीवर भरवसा ठेवू नका.
• उन्हात ॲझाडिरॅक्टिन लवकर मोडतं, फवारणी संध्याकाळी घ्या.
• दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या मोजू नका. चार-पाच दिवसांनी नवीन भोकं किती पडली ते बघा.
• तारीख, प्लॉट, अळ्यांची संख्या वहीत लिहा.

जून-जुलैत बांधावर निंबोळ्या पडतात. सडू देऊ नका, वेचून सावलीत वाळवा.