ताटीचे अभंग

ताटीचे अभंग ही संत मुक्ताबाई यांच्या नावावर असलेली ४२ अभंगांची मराठी रचना आहे. लोकांच्या अवहेलनेने व्यथित होऊन झोपडीचे दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना, राग सोडून दार उघडावे अशी विनवणी धाकट्या बहिणीने या अभंगांतून केली, अशी वारकरी परंपरेची धारणा आहे. ‘ताटी’ म्हणजे बांबू, काटक्या वा गवत यांचे साधे दार. संतापाचे शमन, क्षमा आणि मनाची सावधता हा या रचनेचा मुख्य विषय होय.

पार्श्वभूमी

विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतल्यानंतर गुरूंच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला. त्यामुळे आळंदीच्या ब्रह्मवृंदाने कुटुंबाला वाळीत टाकले. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावरही निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताई या भावंडांचा ‘संन्याशाची पोरे’ असा उपहास होतच राहिला. अशाच एका प्रसंगी अपमानित झालेल्या ज्ञानेश्वरांनी ताटी लावून घेतली, अशी आख्यायिका आहे.

आशय

मुक्ताबाई भावाला झालेला अन्याय नाकारत नाहीत. त्या त्याला त्याच्या अधिकाराची आठवण देतात. जग रागाने पेटले असता संताने पाण्यासारखे शीतल व्हावे आणि बोचऱ्या शब्दांतूनही उपदेश घ्यावा, असे त्या सांगतात. आपलाच हात आपल्याला लागला तर आपण हातावर चिडत नाही. दातांखाली जीभ सापडली म्हणून कोणी दात पाडत नाही. दुखावणारा आणि दुखावलेला एकाच चैतन्याचे अंश आहेत, हा या दृष्टान्तांमागील अद्वैत विचार होय. स्वतः तरून जगालाही तारावे, ही विनवणीची परिणती आहे. येथील क्षमा माणसाला एकांतात नेत नाही, तर पुन्हा लोकांमध्ये आणते.

ज्ञानेश्वरी आणि पसायदान

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत ‘क्षान्ति’ येते, तर सोळाव्या अध्यायात ‘क्षमा’ ही दैवी संपत्ती म्हणून गणली आहे. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ.स. १२९०) या दोन्हींचे विवरण आढळते. ग्रंथाच्या शेवटी असलेल्या पसायदानात दुर्जनांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावा एवढेच मागणे आहे.

सजगतेशी संबंध

बौद्ध परंपरेतही क्षान्ती आणि मैत्री यांना महत्त्वाचे स्थान आहे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे सत्यनारायण गोयंका यांनी स्थापन केलेल्या धम्मगिरी केंद्रात विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात. आरंभी श्वासाचे आणि नंतर शरीरावरील संवेदनांचे तटस्थ निरीक्षण शिकवले जाते. अखेरीस मैत्रीभावनेचा अभ्यास असतो. राग उठताच श्वासाची लय व शरीरातील संवेदना बदलतात. तो बदल प्रतिक्रिया न देता पाहता आला, तर राग आणि कृती यांमध्ये अवकाश निर्माण होतो. पाश्चात्त्य देशांत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सजगतेवर आधारित ताणनिवारणाचा उपक्रम सुरू केला. क्षमेचा मानसशास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत रॉबर्ट एनराइट यांचे नाव प्रमुख आहे.

क्षमेच्या मर्यादा

क्षमा म्हणजे विसरणे, समेट करणे किंवा अन्यायाला मान्यता देणे नव्हे, असा भेद आधुनिक अभ्यासक करतात. मनातील आकस सोडूनही न्याय मागता येतो व अपाय करणाऱ्यापासून दूर राहता येते. पीडितावर क्षमेची सक्ती केल्यास तिचे मूल्य उरत नाही. ताटीच्या अभंगांतही विनवणी आहे, आज्ञा नाही. शिवाय ती करणारी मुक्ताई स्वतः त्याच बहिष्काराची झळ सोसलेली आहे.

हे सुद्धा पहा

मुक्ताबाई, ज्ञानेश्वरी, पसायदान, विपश्यना